डीबगरच्या चाचणीसंचात जुने कोअर डंप जपून ठेवावेत, की दर वेळी नवे तयार करावेत?

कणाद (धागालेखक)

आमच्या गटात गेले काही आठवडे एका प्रश्नावर एकमत होत नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो. आम्ही एका डीबगरची देखभाल करतो. कोसळलेल्या प्रोग्रॅमची कोअर फाइल (म्हणजे कोअर डंप, कोसळतानाच्या त्याच्या स्मृतीची प्रत) उघडून तो नेमका कोठे आणि कोणत्या अवस्थेत थांबला हे दाखवणे, हे त्याचे एक मुख्य काम आहे. या कामाच्या स्वयंचलित चाचण्यांसाठी आमच्या रिपॉझिटरीत (सोर्स कोडच्या सामायिक साठ्यात) सुमारे चाळीस कोअर फाइली साठवलेल्या आहेत. त्या सर्व काढून टाकाव्यात आणि प्रत्येक चाचणीने स्वतः एक छोटा प्रोग्रॅम कंपाइल करून, तो मुद्दाम पाडून, त्यातून निघालेला डंप उघडावा, असा प्रस्ताव आता आला आहे. माझा त्याला विरोध आहे.

कारण असे की, डंप लिहिणारे यंत्र आणि वाचणारे यंत्र एकच असेल, तर डीबगरच्या निम्म्या चुका दिसतच नाहीत. लिनक्सच्या कोअर फाइलमध्ये प्रत्येक थ्रेडची रजिस्टरे (प्रोसेसरच्या आतील लहान साठवण-जागांतील आकडे) नोट नावाच्या माहिती-विभागात असतात. एक्स८६ प्रोसेसरवर रुंद व्हेक्टर रजिस्टरे (एका वेळी अनेक आकडे धरणारी) एक्ससेव्ह नावाच्या एका सलग तुकड्यात जातात, आणि त्या तुकड्यात कोणता घटक कितव्या बाइटपासून सुरू होतो हे प्रोसेसरवर अवलंबून असते. इंटेल आणि एएमडी यांच्या रचना काही ठिकाणी जुळत नाहीत. ही रचना बराच काळ कोअर फाइलमध्ये नोंदवलीच जात नव्हती, त्यामुळे डीबगरांना तुकड्याच्या आकारावरून अंदाज बांधावा लागे. पुढे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) रचना सांगणारी स्वतंत्र नोट आली, परंतु जुन्या कर्नलचे डंप अजूनही येतच असतात.

गेल्या वर्षी असाच एक डंप माझ्याकडे आला. फंक्शनांची साखळी व्यवस्थित दिसत होती, ओळींचे क्रमांक बरोबर होते, साधी रजिस्टरेही बरोबर होती. फक्त काही रुंद रजिस्टरांतील आकडे अर्थहीन होते. आम्ही दोन दिवस गणिती फंक्शनात नसलेली चूक शोधत बसलो. आकडे चुकीच्या जागेवरून उचलले जात होते, आणि ते आमचाच डीबगर करत होता. त्या भागाची चाचणी जागेवर डंप तयार करणारी होती आणि ती सहा महिने हिरवी, म्हणजे उत्तीर्ण, होती.

रानवारा

आपला अनुभव खरा आहे आणि मुद्दा महत्त्वाचा आहे, तरीही मी प्रस्तावाच्या बाजूने आहे, कारण साठवलेल्या कोअर फाइलींचे पुढे काय होते हे मी जवळून पाहिले आहे.

मी पूर्वी ज्या गटात होतो तेथे एका साठवलेल्या डंपवरची चाचणी अचानक पडू लागली. फाइल कोणी, कोणत्या प्रोग्रॅममधून, कोणत्या कंपायलरने तयार केली होती याची कोठेही नोंद नव्हती, आणि सोबतची मूळ एक्झिक्युटेबल फाइल कोणीतरी जागा वाचवण्यासाठी काढून टाकली होती. साखळीतील पहिल्या ओळीत पत्ता आणि नाव होते, त्यापुढच्या चार ओळींत नावाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे. हे पूर्वीपासून असेच होते की आता बिघडले आहे, हे सांगू शकणारा माणूस उरला नव्हता. शेवटी एका सहकाऱ्याने अपेक्षित उत्तरातच प्रश्नचिन्हे घातली आणि चाचणी हिरवी केली. त्या दिवसापासून ती चाचणी डीबगरच्या चुकीचे रक्षण करत आहे. सोर्स कोड वाचून तपासता येतो. बायनरी फाइल बदलल्याचे दिसते, पण त्यात काय बदलले आणि का, हे तपासणाऱ्याला कळत नाही.

दुसरी बाब गोपनीयतेची. कोअर फाइल म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या स्मृतीची प्रत. स्टॅकच्या वरच्या टोकाला कमांडचे सर्व आर्ग्युमेंट आणि एन्व्हायर्नमेंटमधील सर्व व्हेरिएबल उघड्या अक्षरांत असतात. ज्याने डंप काढला त्याच्या शेलमध्ये एखादे प्रवेश-टोकन असेल, तर ते रिपॉझिटरीत जाते आणि तेथून प्रत्येकाच्या प्रतीत. फाइल काढून टाकली तरी इतिहासातून ती जात नाही. आमच्याकडे हे घडले आहे, आणि ते लक्षात यायला अकरा महिने लागले.

जीडीबी या डीबगरच्या चाचणीसंचात पूर्वीपासून एक छोटा प्रोग्रॅम आहे, जो स्मृतीत काही ओळखता येण्याजोगे आकडे भरतो, एक फाइल स्मृतीत मॅप करतो आणि स्वतःला अबॉर्टने संपवतो; चाचणी त्याचाच डंप उघडून आकडे ताडून पाहते. तो प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतो. हीच पद्धत सर्वत्र असावी असे मला वाटते.

सव्यसाची

जागेवर डंप तयार करण्याच्या पद्धतीतील एक मोठी अडचण वरील प्रतिसादात राहून गेली आहे, ती अशी की बहुतेक चाचणी-यंत्रांवर तो डंप तयारच होत नाही.

डंप कोठे जावा हे लिनक्समध्ये कर्नलच्या कोअर-पॅटर्न या सेटिंगवरून ठरते. त्याच्या सुरुवातीला उभी रेघ असेल, तर कर्नल डंप फाइलमध्ये न लिहिता एका प्रोग्रॅमच्या हाती देतो; अनेक वितरणांत तो सिस्टमडी-कोअरडंप असतो. हे सेटिंग संपूर्ण कर्नलसाठी एकच असते, कंटेनरागणिक वेगळे नसते. म्हणजे चाचणी कंटेनरमध्ये (यजमान यंत्राचाच कर्नल वापरणाऱ्या वेगळ्या कप्प्यात) चालत असेल, तर यूलिमिटची डंपच्या आकारावरील मर्यादा अमर्याद करूनही हातात काही येत नाही, आणि कंटेनरमधून ते सेटिंग बदलण्याची परवानगीही सहसा नसते. मग चाचणी काय करते? 'या यंत्रावर शक्य नाही' अशी नोंद करून पुढे जाते. अहवालाच्या तळाशी पडलेल्या चाचण्यांची संख्या शून्य दिसते आणि सर्वांचे समाधान होते. मी आमच्या नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा डंपच्या एकोणीस चाचण्यांपैकी चौदा कित्येक महिने एकदाही चाललेल्या नव्हत्या.

यावर उपाय म्हणून डीबगरलाच चालू प्रोग्रॅमचा डंप काढायला सांगावे, असे काही जण म्हणतात. जीडीबीत त्यासाठी जीकोअर ही आज्ञा आहे. पण मग लिहिणाराही तोच आणि वाचणाराही तोच. एखाद्या नोटमधील फील्डची लांबी आपण चुकीची समजलो असू, तर लिहिताना तीच चूक करू आणि वाचताना तीच चूक तिला बरोबर जुळवून घेईल.

रानवारा

वगळलेली चाचणी म्हणजे उत्तीर्ण चाचणी नव्हे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तो दोष अहवालाचा आहे. किमान एक संपूर्ण व्हर्च्युअल मशीन ठेवावे, त्यावर कोअर-पॅटर्न आपल्या हाती असावा, आणि तेथे एकही चाचणी वगळली गेली तर ती पडली असेच धरावे. हे एका दिवसाचे काम आहे.

प्रोसेसरच्या रचनेबाबत मात्र धागालेखकांचा मुद्दा मला खोडता येत नाही. त्या प्रकारासाठी दुसऱ्या यंत्रावरचाच डंप हवा.

पारदर्शी

या चर्चेत तिसरा मार्ग आलेला नाही. कोअर फाइल म्हणजे शेवटी ईएलएफ स्वरूपाची (लिनक्सवरील प्रोग्रॅम-फाइलींचे तेच स्वरूप) फाइल: एक हेडर, काही नोटा, काही स्मृतीचे विभाग. ती मजकुराच्या रूपात लिहून ठेवता येते आणि चाचणीच्या वेळी त्या मजकुरापासून बायनरी तयार करता येते. एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पात याम्ल या साध्या स्वरूपातील मजकुरापासून ऑब्जेक्ट फाइल बनवणारे साधन आहे, आणि ते विंडोजच्या धर्तीचे मिनिडंपही बनवते. मजकूर असल्यामुळे प्रत्येक बदल ओळीओळीने तपासता येतो आणि त्यात कोणाचे टोकन चुकून येत नाही.

शिवाय काही प्रकार खऱ्या प्रोग्रॅममधून मिळवणे फार अवघड असते. ईएलएफ हेडरमध्ये विभागांच्या संख्येसाठी दोनच बाइट आहेत. संख्या ६५,५३५ किंवा त्याहून जास्त झाली, तर त्या जागी ६५,५३५ हीच खूण लिहितात आणि खरी संख्या सेक्शन हेडरांच्या तक्त्यातील पहिल्या नोंदीत ठेवतात. आता लिनक्समध्ये एका प्रोसेसच्या स्मृती-मॅपिंगांची (डंपमध्ये यांचेच विभाग होतात) कर्नलची मूळ मर्यादा ६५,५३० आहे, आणि ती याच खुणेच्या खाली राहावी म्हणून तशी ठेवलेली आहे. मर्यादा वाढवलेली नसेल, तर हा डंप चाचणी-यंत्रावर तयार होणार नाही, परंतु मोठे डेटाबेस चालवणारे लोक ती मर्यादा वाढवतात आणि त्यांचे प्रोग्रॅमही कोसळतात. डिस्क भरल्यामुळे मध्येच तुटलेला डंप, नोटची लांबी फाइलच्या टोकापलीकडे जाणारा डंप, हेही असेच हाताने घडवावे लागतात.

कणाद (धागालेखक)

बिघडलेल्या आणि टोकाच्या फाइलींसाठी आपला मार्ग सर्वांत चांगला आहे. आजवर आम्ही हेक्स संपादकाने बाइट बदलत होतो, ते बंद करायला हवे. पण सर्वसाधारण डंपसाठी मी तो वापरणार नाही, कारण हाताने लिहिलेल्या डंपमध्ये लिहिणाऱ्याला जे ठाऊक असते तेवढेच येते.

एक उदाहरण देतो. कर्नलच्या मूळ सेटिंगनुसार फाइलमधून मॅप झालेली, न बदललेली पाने डंपमध्ये लिहिली जात नाहीत. प्रोग्रॅमचा कोड अशाच पानांत असतो. डीबगरला तो एक्झिक्युटेबल फाइलमधून भरून घ्यावा लागतो, आणि ती फाइल मधल्या काळात पुन्हा कंपाइल झाली असेल, तर वेगळ्याच सूचना बिनबोभाट दाखवल्या जातात. ईएलएफ हेडरचे पान मात्र डंपमध्ये येते, त्यामुळे बिल्ड-आयडी (प्रत्येक बांधणीची ओळख-खूण) ताडून ही चूक पकडता येते. आमच्या गटातील एकाने मजकुरातून डंप लिहिला तेव्हा त्याने सोयीसाठी कोडची पानेही त्यात भरली, आणि एक्झिक्युटेबलकडे जाण्याचा संपूर्ण मार्ग चाचणीतून निघून गेला. त्याला दोष देत नाही. मीही तसेच लिहिले असते.

रानवारा यांच्या आक्षेपांवर एलएलडीबी या एलएलव्हीएमच्या डीबगरच्या चाचणीसंचातील व्यवस्था पाहावी. तेथे साठवलेल्या कोअर फाइलींशेजारी मूळ सी प्रोग्रॅम आणि डंप तयार करणारी स्क्रिप्ट ठेवलेली आहे. प्रोग्रॅम प्रमाण लायब्ररीशिवाय बांधतात आणि स्टॅकची मर्यादा कमी करतात, त्यामुळे फाइल अगदी लहान राहते. स्क्रिप्टमध्ये एन्व्हायर्नमेंट रिकामे करण्याची एक ओळ घातली, की टोकनाचा प्रश्नही मिटतो.

रानवारा

या अटीवर मी साठवलेल्या फाइली मान्य करेन: सोर्स, स्क्रिप्ट आणि एक्झिक्युटेबल तिन्ही शेजारी असतील तरच फाइल राहील. मग आपल्या चाळीस फाइलींपैकी किती या अटीत बसतात?

कणाद (धागालेखक)

काल रात्री बसून मोजल्या. तेवीस बसतात किंवा थोड्या कष्टाने बसवता येतील. सतरांचा सोर्स सापडत नाही. त्यांपैकी चौदा काढायला माझी हरकत नाही. उरलेल्या तीन अशा यंत्रांवरच्या आहेत जी आता आमच्याकडे नाहीत, आणि त्यांतली एक वर सांगितलेल्या रुंद रजिस्टरांची आहे. अट मोडते हे मान्य करूनही त्या तीन मी काढू देणार नाही.

रानवारा

मग किमान त्या तिन्हींतील प्रत्येक अपेक्षित आकडा कोठून आला हे चाचणीत लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी तेथे प्रश्नचिन्हे घालून मोकळा होणार नाही. ते लिहिता आले नाही, तर त्या फाइली काढण्याचा माझा आग्रह कायम आहे.