बीसी कॅल्क्युलस: उत्तर बरोबर, तरी गुण कुठे जातात?

(फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

अश्विनी: मीनलताई, तू वर्गात शिकवतेस म्हणून विचारते. तन्वीचं एपी कॅल्क्युलस बीसी (अमेरिकेतल्या हायस्कूलमधला कॉलेज पातळीचा गणिताचा कोर्स) ऑगस्टपासून सुरू होतंय. शाळेच्या कागदावर ग्रेड वेगळी आणि एपी स्कोअर वेगळा दिलाय. एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो का गं?

मीनल: नाही, दोन वेगळी खाती आहेत. ग्रेड शिक्षक देतात आणि ती ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, जाते. एपी स्कोअर १ ते ५ मधला. परीक्षा मे महिन्यात, स्कोअर जुलैत. तोवर वर्षाची ग्रेड लागून गेलेली असते. त्यामुळे वर्गात ए आणि परीक्षेत ३ असं होतं, तसंच वर्गात बी आणि परीक्षेत ५ असंही होतं.

मीनल: टेस्टला किती टक्के, क्विझला किती, गृहपाठाला किती, हे प्रत्येक शिक्षकाचं वेगळं. म्हणून पहिल्या दिवशीचा सिलॅबस फोल्डरात गाडून टाकू नका. त्यात तीन गोष्टी बघायच्या. रीटेक मिळते का, चुका दुरुस्त करून दिल्यावर काही गुण परत मिळतात का, आणि टेस्टचे कच्चे गुण तसेच धरतात की वर चढवतात.

रोहित: वर चढवतात म्हणजे ग्रेस मार्क?

मीनल: ग्रेस नाही रे. एपीचा हिशोब समजला की ते कळेल. ४५ एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न), प्रत्येकाला १.२ ने गुणायचं, झाले ५४. सहा एफआरक्यू (उत्तर लिहून द्यायचे प्रश्न), प्रत्येकी ९, तेही ५४. एकूण १०८. समज ३२ एमसीक्यू बरोबर, म्हणजे ३८.४. एफआरक्यूत ३४. बेरीज ७२.४, साधारण ६७ टक्के. शाळेच्या पट्टीवर हा डी. पण जुने खुले झालेले पेपर बघितले तर बीसीला दोन-तृतीयांशाच्या आसपास ५ ची रेघ येते, कधी त्याच्याही खाली. रेघ दरवर्षी थोडी हलते. म्हणून जे शिक्षक टेस्टला खऱ्या एपी पातळीचे प्रश्न घालतात, ते ६७ ला डी देत नाहीत, पट्टी बदलतात. जे बदलत नाहीत त्यांच्या टेस्ट सहसा सोप्या असतात. बघायची गोष्ट एवढीच की टेस्ट अवघड आणि पट्टी जुनीच, असं तर नाही ना.

नंदूकाका: एमसीक्यूला निगेटिव्ह मार्किंग?

मीनल: २०११ पासून नाही, काका. एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

अश्विनी: आणि वेळ?

मीनल: सव्वातीन तास. एमसीक्यूचा पहिला भाग ३० प्रश्न, ६० मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. दुसरा १५ प्रश्न, ४५ मिनिटं, ग्राफिंग कॅल्क्युलेटरसह. मग दोन एफआरक्यू कॅल्क्युलेटरसह ३० मिनिटांत, आणि चार त्याच्याशिवाय ६० मिनिटांत. एका एफआरक्यूला १५ मिनिटं पडतात. २०२५ पासून प्रश्न ब्लूबुक या परीक्षेच्या ॲपवर दिसतात, एमसीक्यू तिथेच सोडवायचे, पण एफआरक्यूची उत्तरं कागदाच्या वहीत हाताने लिहायची. ॲपमध्ये डेस्मॉस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर असतोच, तरी ज्या कॅल्क्युलेटरवर वर्षभर हात बसलाय तोच बरा. आणि तो रेडियनमध्ये आहे ना, हे आदल्या रात्रीच बघायचं.

तन्वी: मावशी, कॅल्क्युलेटरच्या प्रश्नात स्टेप्स दाखवायच्या? उत्तर तर मशीनच देतं.

मीनल: मांडणी दाखवायची, आकडेमोड नाही. कॅल्क्युलेटरकडून चारच कामं गृहीत धरलेली असतात: ग्राफ काढणं, समीकरणाचं मूळ शोधणं, एका बिंदूवरचा डेरिव्हेटिव्ह, आणि डेफिनिट इंटिग्रल. क्षेत्रफळ विचारलं तर मर्यादांसकट इंटिग्रल गणिताच्या चिन्हांत लिही, मग बरोबरचं चिन्ह, मग उत्तर. कॅल्क्युलेटरवर दाबलेली कमांड जशीच्या तशी उतरवली तर ती मांडणी धरत नाहीत. नुसता आकडा लिहिला तर उत्तर बरोबर असूनही मांडणीचे गुण बुडाले.

रोहित: आणि तीन दशांश.

मीनल: हो. २.१७८६ आलं तर २.१७८ लिही नाहीतर २.१७९, दोन्ही चालतं. पण २.१८ नाही. खरी गडबड त्याआधी होते. दोन वक्र १.८४३७… ला छेदतात, मुलं मर्यादा म्हणून १.८ टाकतात आणि शेवटच्या उत्तराचा तिसरा दशांश चुकतो. मधला आकडा कॅल्क्युलेटरमध्ये साठवून ठेवायचा, पूर्ण.

नंदूकाका: म्हणजे आपल्या बारावीसारखं स्टेप मार्किंगच की.

रोहित: थोडं तसंच, काका, पण फरक आहे. इथे एका ओळीला एक गुण बांधलेला नसतो, एका कल्पनेला असतो. सात ओळी लिहा नाहीतर दोन, ती कल्पना कागदावर दिसली पाहिजे. सोपं रूप दिलंच पाहिजे असंही नाही. आकडे घातल्यावर "३ · ४ + १/२" असंच सोडून दिलं तरी पूर्ण गुण. उलट पुढे सोपं करताना चुकलात तर हातातला गुण जातो. आपल्याकडच्या सवयीच्या मुलांना थांबणं जड जातं.

मीनल: अगदी. आणि बरोबरच्या चिन्हाची माळ ओवायची नाही. "एफ(२) = २ × ३ = ६ + १ = ७" हे विधानच खोटं आहे, कारण २ × ३ म्हणजे ७ नव्हे. तिथेही गुण जाऊ शकतो. ओळ तोडा.

तन्वी: सगळ्यात जास्त गुण कुठे जातात?

मीनल: डिफरन्शियल इक्वेशनमध्ये, आणि तेही एका अक्षरामुळे. हे बघ:

डीवाय/डीएक्स = एक्स·वाय/२, आणि एक्स = ० ला वाय = ३.

चल वेगळे केले: डीवाय/वाय = (एक्स/२) डीएक्स. १ गुण.
दोन्हीकडे इंटिग्रेशन: एलएन |वाय| = एक्सवर्ग/४ + सी. दोन बाजूंचे २ गुण.
एक्स = ०, वाय = ३ घातलं: सी = एलएन ३. सी लिहिणं आणि सुरुवातीची अट वापरणं, मिळून १ गुण.
वाय = ३ · ई चा घात (एक्सवर्ग/४). १ गुण.

पाच गुणांच्या अशा भागात बरेचदा हीच वाटणी असते. आता "+ सी" विसरलीस तर पुढचे दोन्ही गुण बंद, ५ पैकी जास्तीत जास्त ३. शेवटी आठवलं म्हणून "वाय = ई चा घात (एक्सवर्ग/४) + सी" असं शेपूट जोडलं तरी उपयोग नाही, कारण सी इंटिग्रेशनच्या ओळीतच जन्माला यायला हवा. आणि चल वेगळेच केले नाहीत तर पाचही गेले.

रोहित: ते शेपटाचं दर वर्षी दिसतं.

अश्विनी: हे एबीमध्येही, म्हणजे बीसीपेक्षा लहान एपी कॅल्क्युलसमध्येही, असतं ना? मग बीसीत वेगळं काय?

मीनल: बीसीत एबी सगळं येतं, म्हणून बीसीच्या निकालाबरोबर एबीचा सबस्कोअर, म्हणजे तेवढ्या भागाचा वेगळा स्कोअर, तोही मिळतो. त्याशिवाय इंटिग्रेशन बाय पार्ट्‌स, पार्शल फ्रॅक्शन, इम्प्रॉपर इंटिग्रल, ऑयलरची पद्धत, लॉजिस्टिक, वक्राची लांबी, पॅरामेट्रिक-पोलर-व्हेक्टर, आणि सिरीज. सिरीजचं युनिट १० एकटंच एमसीक्यूच्या १७-१८ टक्के, आणि एफआरक्यूतही त्याचा एक प्रश्न येतोच असं धरून चालायचं. पण ते शेवटी शिकवतात, मार्च-एप्रिलमध्ये, आणि मुलं तोवर दमलेली असतात.

रोहित: सिरीजचं मी लिहितो. बेरीज (एक्स − २)चा एनवा घात भागिले (एन × ३ चा एनवा घात), एन १ पासून. रेशो टेस्टची मर्यादा |एक्स − २|/३ येते, ती १ पेक्षा कमी हवी, म्हणून −१ ते ५. बरीच मुलं इथेच पेन ठेवतात. पण रेशो टेस्ट टोकांवर १ देते, म्हणजे काहीच सांगत नाही. टोकं स्वतंत्र तपासा. एक्स = ५ ला १/एन ची हार्मोनिक सिरीज, डायव्हर्जंट. एक्स = −१ ला तीच आलटून-पालटून चिन्हांची, कन्व्हर्जंट. उत्तर: −१ धरून, ५ सोडून. अॅब्सोल्यूटच्या उभ्या रेघा आणि "लिमिट" हा शब्द मध्येच गाळणं, हीही नेहमीची चूक.

मीनल: त्याच सिरीजमध्ये एक्स = १ घाल. −१/३ + १/१८ − १/८१ … पहिली दोन पदं घेतली तर चूक १/८१ पेक्षा जास्त नाही. हा आकडा सगळ्यांना येतो. गुण कशाला? चिन्हं आलटून-पालटून आहेत, पदांचा आकार घटत जातो आणि शून्याकडे जातो, हे लिहिण्याला. म्हणजे चुकीची ही वरची मर्यादा (बाऊंड) वापरायची परवानगी कुठून आली ते सांगायचं.

नंदूकाका: थोडक्यात, मुलीने इंग्रजी लिहायला शिकावं 😄

मीनल: हसू नका, तसंच आहे. "इट" हा शब्द तर मी वर्गात बंदच ठेवते. "इट इज इन्क्रीझिंग" मध्ये कोण वाढतंय, एफ की एफ प्राइम (एफचा डेरिव्हेटिव्ह)? नाव घ्यायचं. चिन्हांचा तक्ता काढून मोकळं झालं तर तेही कारण धरत नाहीत. "एक्स = ३ ला एफ प्राइम धनाकडून ऋणाकडे जातो, म्हणून एफला तिथे स्थानिक कमाल आहे", एवढं एक वाक्य पुरतं. बंद अंतरावरची सर्वांत मोठी किंमत विचारली तर मात्र ते वाक्य पुरत नाही. दोन्ही टोकं आणि सगळे क्रिटिकल पॉइंट, प्रत्येकाची किंमत काढून शेजारी मांडायची.

अश्विनी: मग उन्हाळ्यात तिने काय करावं? आधीच चॅप्टर वाचून ठेवू का?

मीनल: चॅप्टर नको. बीसीत बुडणारी मुलं बरेचदा कॅल्क्युलसमध्ये नाही, बीजगणितात बुडतात. युनिट सर्कलच्या किंमती न बघता, एलएन आणि ई चे नियम, अपूर्णांकांच्या घातांची उलटापालट, फंक्शनमध्ये फंक्शन. ० ते २ पाय मधल्या नेहमीच्या कोनांचा साइन-कोसाइन दोन सेकंदात आला पाहिजे, कारण तिथे कॅल्क्युलेटर नसतो. तन्वी, प्री-कॅल्कची वही काढ.

तन्वी: काढली. मावशी, एक सोडवून टाकू? मीन व्हॅल्यू थिअरम मी रोहितदादाकडून शिकलेय. एफ हे डिफरन्शिएबल दिलंय, एफ(१) = ४, एफ(५) = १२. एफ प्राइम(सी) = २ असा सी १ आणि ५ मध्ये आहे का? माझं उत्तर: (१२ − ४)/(५ − १) = २, म्हणून मीन व्हॅल्यू थिअरमने असा सी आहे.

मीनल: २ पैकी १. भागाकाराचा मिळाला. थिअरम लावायच्या अटी कुठे आहेत?

तन्वी: पण डिफरन्शिएबल तर प्रश्नातच दिलंय!

रोहित: दिलंय, पण तू वापरलंयस हे वाचणाऱ्याला कसं कळणार?

तन्वी: एफ डिफरन्शिएबल आहे, म्हणून १ ते ५ या बंद अंतरावर कंटिन्युअसही आहे. (१२ − ४)/(५ − १) = २. म्हणून मीन व्हॅल्यू थिअरमने १ आणि ५ च्या मध्ये असा सी आहे.

मीनल: २ पैकी २.