मदत हवी आहे: रोड किंगचे हवेवाले शॉकअप मुंबईत कुणी रिपेअर करतं का? (कंबर गेली!)

मुलुंडकर_पूर्व

मंडळी, नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

गाडी २०१४ची हार्ली रोड किंग मोटारसायकल. मागच्या वर्षी दुसऱ्या हाताची घेतली. पन्नाशीत सुचलेलं शहाणपण, त्यावर सौ.चं मत इथे देत नाही. गाडी पावणेचारशे किलोच्या आसपास, मी ८६, सौ. ६२. रोजचा वापर नाही. रविवारी सकाळी लालबहादूर शास्त्री मार्गाने फोर्टपर्यंत जाऊन यायचं, महिन्यातून एकदा कसारा घाटाच्या बाजूला. अटल सेतू आणि कोस्टल रोडवर दुचाकीला प्रवेशच नाही, त्यामुळे आमच्या नशिबी मेट्रोच्या खांबांखालचा रस्ता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या गाडीच्या मागच्या दोन्ही शॉकअपमध्ये स्प्रिंग आणि तेल तर आहेच, शिवाय हवा भरायची सोय आहे. दोघांना बारीक नळ्या जातात, त्या टी आकाराच्या एका जोडात (‘टी’) एकत्र येतात आणि डाव्या डिकीच्या आतल्या अंगाला एकच व्हॉल्व्ह आहे, टायरच्या ट्यूबसारखा. मागे माणूस बसला की हवा वाढवायची, एकटं असलं की कमी करायची. २०१७च्या मॉडेलपासून कंपनीने ही पद्धत सोडून फिरवायचा नॉब दिला.

आता दुखणं. स्पीडब्रेकरवरून उतरताना मागून ‘ठक्’ असा आवाज येतो आणि तो धक्का सरळ माकडहाडात. बारीकसारीक खड्ड्यांवर मात्र गाडी दगडासारखी कडक. म्हणजे मऊही आहे आणि कडकही, हे कसं काय? हवा २० पीएसआय (दाबाचं माप) भरली तर दोन रात्रींत ६ वर येतं. डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे, त्यावर धूळ बसून काळं लोणी झालंय. उजवा कोरडा ठणठणीत.

एका गॅरेजमध्ये दाखवली. ते म्हणाले, डाव्याचं सील (हवा-तेल आत धरणारं रबर) गेलंय, पण जोडीच बदलावी लागेल. किंमत ऐकून मी चहा न पिताच निघालो. दुसऱ्या एकाने सांगितलं की खोलून, लेथवर कापून, नवं सील टाकून परत वेल्डिंग करून देतो. हे करावं का? आणि तेल कोणत्या ग्रेडचं, हवा किती? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

---

वडापाव_एक्सप्रेस

काका, हवा काढूनच टाका, शून्यावर चालवा. सोफा होईल.

---

टपरीवरचा

नायट्रोजन भरून बघा, टायरवाल्यांकडे मिळतो. तो झिरपत नाही म्हणतात.

---

ग्रीसवाला

वडापाव, शून्यावर ८६ किलोचा माणूस बसला तर सोफा नाही, पाट होईल. या गाडीच्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला जेमतेम तीन इंच मिळतात. हवा नसली की त्यातले निम्मे नुसत्या वजनाने खर्च होतात आणि पुढच्या खड्ड्याला शॉकअप तळाला आपटतो. तोच तो ‘ठक्’.

टपरीवरचे, आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पाइपला भोक असेल तर उरलेल्या २२ टक्क्यांनी काही बिघडत नाही. फायदा एवढाच की तो कोरडा असतो, पावसाळ्यात पंपाच्या टाकीतलं पाणी आत जात नाही.

मुलुंडकर, वेल्डिंगच्या भानगडीत अजिबात पडू नका, हे आधी सांगतो. हे शॉकअप खोलण्यासाठी बनवलेलेच नाहीत. आत तेल, वर हवेचा दाब, आणि त्याला वेल्डिंगची उष्णता? सील तर जळेलच, उद्या ९०च्या वेगाने घाटात तो सांधा सुटला तर काय? कुणी कितीही स्वस्तात देऊ दे.

पण मला मुळात सील गेलंय हेच पटत नाहीये. दोन गोष्टी सांगा. हवा कशाने भरता? आणि टायरमध्ये किती आहे?

---

मुलुंडकर_पूर्व

हवा पेट्रोल पंपावर. पोराला सांगतो २० मार, तो नळी लावतो, ‘फुस्स’ होतं, मग मी घरी येऊन जास्तीची सोडतो. सोडताना थोडं तेलही उडतं, म्हणून तर सीलवर संशय.

टायर आत्ता खाली जाऊन बघून आलो. मागे ४८! त्याच पोराची कृपा.

---

ग्रीसवाला

घ्या. निम्मा आजार सापडला. या गाडीला पुढे ३६, मागे ४० लागतात. ४८ वर टायर दगड होतो, त्यामुळे बारीक खड्डे कडक लागतात. आणि शॉकअपमध्ये हवा नाही, म्हणून मोठ्या खड्ड्यात आपटते. तुमच्या ‘मऊही आणि कडकही’चं उत्तर हेच.

आता पंप. शॉकअपमध्ये हवेला जागा किती असते? चहाच्या कपापेक्षा जास्त नसेल. पंपावरचा कॉम्प्रेसर ट्रकचे टायर भरतो. त्याने क्षणात दाब पुस्तिकेतल्या मर्यादेच्या वर जातो. सील आत्तापर्यंत वाचलं असेल तर नशीब समजा. हातपंपच वापरायचा. साधा टायरगेजही नको, तो लावला-काढला की प्रत्येक वेळी तीन-चार पीएसआय खातो. तुमचे २० चे ६ झाले त्यातले काही त्या गेजनेच खाल्लेत.

सायकलवाल्यांकडे शॉक पंप मिळतो, पण ३०० पीएसआयवाला घेऊ नका. १५ वर त्याचा काटा हललाय की नाही तेच कळत नाही. कमी दाबाचा, ६०-१०० पर्यंतचा बघा.

आणि सोडताना तेल उडणं. या शॉकअपमध्ये हवा आणि तेल एकाच घरात राहतात, त्यामुळे हवेबरोबर थोडं तेल येणारच. व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला आहे म्हणालात? डाव्या. ओघळ कुठे आहे? डाव्या. आता तुम्हीच विचार करा. सोडताना वर फडकं धरत जा, ते तेल ब्रेकच्या डिस्कवर गेलं तर महागात पडेल.

---

साडेतीन_टाके

ग्रीसवाले, कमाल आहे! मी इथे फक्त कविता वाचायला येते, पण हा धागा थरारकथेसारखा वाचतेय. पुढे काय झालं?

---

घाटरस्ता

गळती शोधायची सोपी पद्धत सांगतो, माझ्याकडे याच जातीची जुनी गाडी होती. डिक्या काढा. टी जिथे आहे तिथे नळ्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, बाहेरची कडी आत दाबली की नळी सुटते. आधी सगळी हवा सोडा, मगच. नागदेवी स्ट्रीटला न्यूमॅटिकच्या (हवेच्या नळ्या-जोडांच्या) दुकानात बंद खुंटी, म्हणजे तोंड बंद करायचं बूच, मिळते; नळीचा तुकडा बरोबर न्या म्हणजे माप चुकणार नाही. टीच्या उजव्या तोंडाला खुंटी लावून २० भरा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी डावं तोंड बंद करून तेच. कोण चोर आहे ते कळेल. साबणाचं पाणी आहेच, व्हॉल्व्हच्या पिनेवर सर्वात आधी. ती पिन टायरचीच असते.

गाडी जॅकवर घेणार असाल तर एकटे घेऊ नका. ती पडली तर उचलायला आख्खी सोसायटी लागेल.

---

मुलुंडकर_पूर्व (आठ दिवसांनी)

मंडळी, अहवाल.

शनिवारी नागदेवीला गेलो. मशीद बंदर स्टेशनवरून चालत. ज्या गल्लीत बेअरिंग, ऑइल सील आणि ओ-रिंगच्या (गोल रबरी कड्यांच्या) माळा टांगलेल्या असतात तिथे मी जुन्या नळीचा तुकडा पुढे केला. दुकानदाराने तो नुसता बोटांत फिरवला आणि न मोजता खुंटी काढून दिली. बरोब्बर बसली. दोन खुंट्या आणि हातभर नळी, सगळं मिळून एका थाळीच्या पैशात. पंप ठाण्यातल्या सायकलच्या दुकानात मिळाला.

पहिली रात्र, उजवं तोंड बंद. २० भरले, सकाळी १७. गेज तीन खातो हे आधीच दोनदा लावून-काढून पाहिलं होतं, म्हणजे गळती शून्य! ज्या डाव्याला मी वर्षभर शिव्या दिल्या तो निर्दोष. दुसरी रात्र, डावं बंद. सकाळी ५.

मग उजव्या बाजूला ब्रशने साबणाचं पाणी लावत गेलो. शॉकअपच्या सांध्यावर काही नाही. नळी डिकीला धरणाऱ्या पत्र्याच्या कडेला जिथे घासते तिथे मोहरीएवढा बुडबुडा. फुगायचा, फुटायचा, पुन्हा फुगायचा. मी आणि वॉचमन दोघं उकिडवे बसून पाच मिनिटं तेच बघत होतो. नळीवर नखाएवढा पांढरा ओरखडा होता, बस्स. नवी नळी टाकली, टोक ब्लेडने काटकोनात कापलं (तिरकं कापलं की ओ-रिंगवर नीट बसत नाही, हे घाटरस्त्यांनी व्यनीत (खासगी निरोपात) सांगितलं होतं) आणि पत्र्याच्या कडेला रबर चढवलं.

डावा शॉकअप केरोसीनच्या फडक्याने पुसला, ब्रेकच्या बाजूला पिशवी बांधून. तेव्हापासून अजून कोरडा आहे.

---

ग्रीसवाला

अभिनंदन. पण उभ्या गाडीत सील धरतं आणि चालत्या गाडीत सोडतं, असंही होतं. शंभर-दीडशे किलोमीटर चालवून परत बघा.

आता हवा किती ते बसून ठरवू नका, मोजून ठरवा. मागचं चाक जॅकवर लटकवून ॲक्सलपासून फेंडरच्या (मडगार्डच्या) एका बोल्टपर्यंत अंतर घ्या. मग हेल्मेट-जॅकेटसकट गाडीवर बसा, दुसऱ्याला तेच अंतर मोजू द्या. फरक चाकाला वरखाली व्हायला मिळणाऱ्या त्या तीन इंचांच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास हवा, म्हणजे तुमच्या गाडीला २० मिलिमीटरच्या जवळपास. जास्त बसली तर हवा वाढवा, कमी बसली तर सोडा. आणि भरायची ती सकाळी, गाडी थंड असताना. तीस अंशांची हवा पन्नासला गेली की २० चे २२ दिसतात आणि माणूस उगाच सोडत बसतो.

एक गोष्ट मात्र हवेने सुटत नाही. मागून सीट जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर तेल ठीक. दोन-तीनदा डोलली तर तेल दमलंय. हवा वजन पेलते, डोलणं तेल थांबवतं.

---

मुलुंडकर_पूर्व

मोजलं. सौ. टेप धरून, मी गाडीवर, खालच्या मजल्यावरचे काका जॅकपाशी. एकट्याला १० पीएसआयवर २९ मिमी, १५ वर २४, १८ वर २१. दोघांना २८ पीएसआय लागले. टायर ४० वर आणले. काल फोर्टपर्यंत गेलो. सायनच्या पुलावरचे सांधे पूर्वी मोजता यायचे, आता नुसते कळतात. ‘ठक्’ गेला.

डोलण्याची परीक्षा मात्र नापास. दोनदा डोलते. तेल बदलायचं तर हवेच्या तोंडातूनच काढता येतं असं वाचलं. जेवढं निघेल तेवढंच भरू का?

---

घाटरस्ता

नको. बारा वर्षांत थोडं थोडं उडून गेलेलंच असेल, मग तेवढंच भरलं तर कमीच राहणार. सर्व्हिस मॅन्युअलमधलं माप मिळवा आणि मोजपात्राने दोन्हीकडे सारखं घाला. अंदाजाने जास्त घातलंत तर हवेची जागा उरत नाही, शेवटच्या इंचात शॉकअप लोखंडासारखा होतो आणि सील खरोखरच जातं. शॉकअप उलटा टांगून दांडा हळूहळू आत-बाहेर करत निथळू द्या, तासभर लागतो. वर्तमानपत्रं अंथरा, वास दोन दिवस जात नाही.

---

मुलुंडकर_पूर्व

मॅन्युअल शोधतोय. पावसाळा संपला की काढतो, तोवर २१ मिमीवर मजा आहे.

---

टपरीवरचा

काका, तो पंप रविवारपुरता मिळेल का? मी भांडुपलाच आहे, येऊन घेऊन जाईन. नायट्रोजनचं मागे घेतो.