मदत हवी आहे: तलाव रिकामा करायलेत, मासे दुसरीकडं कसे हलवायचे? (सोलापूर)

नमस्कार मंडळी, धागा घाईत काढतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही सोलापुरातले सात-आठ जण दर रविवारी गळ घेऊन कुठल्या तरी तलावावर जाऊन बसतो, कुणी बँकेत, कुणी एमआयडीसीत, एकाचं टेलरिंगचं दुकान. मासा लागला तर लागला, नाहीतर शेंगा चटणी आणि कडक भाकरी खाऊन परत. आमचा नेहमीचा तलाव म्हणजे अक्कलकोट रोडनं आत गेल्यावर लागणारा एक जुना छोटा तलाव, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण नाव कळलं की उद्या जाळी घेऊन जत्रा भरेल. त्याच्या मोरीतून (पाणी सोडायच्या दारातून) दोन वर्षं पाणी गळतंय, भर उन्हाळ्यात भरावाच्या पायथ्याला हिरवंगार गवत असतं म्हणजे बघा. आता दुरुस्ती मंजूर झाली आणि पावसाच्या आत काम उरकायचं म्हणून पाणी सोडायला सुरुवात पण झाली. तिथला माणूस म्हणाला, आठ-दहा दिवसांत मोरीजवळच्या डबक्यापुरतंच राहील.

परवा संध्याकाळी जाऊन आलो. कडेचा चिखल उघडा पडून भेगाळलाय, बगळे रांग लावून बसलेत आणि उथळ पाण्यात कटल्यांच्या काळ्या पाठी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. चार-पाच किलोचे मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. एक तर माझ्यापासून हातभर अंतरावर आला, त्याच्या ओठात गंजलेला गळ आणि वीतभर तुटकी दोरी. आमच्यातल्याच कुणाची तरी असणार, तसली हिरवी दोरी आमचा टेलर वापरतो.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, इतकी वर्षं पकडून खाल्लेत, आता कशाला पुळका. मुद्दा बरोबर आहे पण मला उत्तर सुचलं नाही.

तर प्लॅन असा की आम्ही सगळे जण दोन दिवस सुट्टी टाकून गळानं आणि एक-दोन जाळ्यांनी जमतील तेवढे पकडायचे, टाकीत घालून टेम्पोनं हिप्परग्याच्या तलावात नाहीतर सरळ उजनीत नेऊन सोडायचे. परवानगीसाठी एका ऑफिसात गेलो तर शेजारच्या ऑफिसात पाठवलं, तिथून परत पहिल्याच टेबलावर, साहेब मीटिंगला. परवानगी नक्की कोण देतं, ४२ डिग्रीत मासे जिवंत न्यायचे कसे, आणि मोठे मासे धरताना त्यांना इजा होऊ नये म्हणून ओल्या सोलापुरी चादरीत गुंडाळले तर चालेल का? कुणी केलंय का असं काही?

---

एवढा ताजा मासा आणि तुम्ही सोडायला निघालात. लोकेशन टाका बे, कालवणाचं मी बघतो. गंमत केली, रागावू नका. माझा पिकअप आहे, रिकामाच उभा असतो, डिझेल तुमचं.

---

धागाकर्ते, मी मत्स्यबीज केंद्रावर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे गळ विसरा. गळानं दमवून काढलेला मासा आधीच अर्धमेला असतो, त्यात ओठ फाटलेला, वरून टेम्पोत तासभर हादरे. ओढजाळं लागतं, ते ओढायला दहा-बारा माणसं लागतात आणि ते काम पहाटेच करायचं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम तर ३० अंशाला साडेसात, आणि उथळ डबक्यात गर्दी झाली, चिखल ढवळला की तेवढाही उरत नाही. चार वाजता जाळं टाका, आठच्या आत शेवटची गाडी निघाली पाहिजे. नंतर दुपारी कितीही जोर लावला तरी तुम्ही मेलेलेच मासे वाहणार.

पिकअपच्या हौद्यात जाड ताडपत्री अंथरा, पाणी त्याच तलावाचं भरा. नळाचं अजिबात नको, क्लोरीननं कल्ले जळतात. हजार लिटरला ४०-५० किलोच्या वर मासा नको, लोक हावरटपणा करतात आणि सगळाच लॉट जातो. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन सिलेंडर, रेग्युलेटर आणि मत्स्यालयाच्या दुकानातले हवेचे दगड एवढ्यावर काम होतं (सिलेंडरजवळ बिडी-सिगरेट बंद, हे सांगावं लागतं). खडेमीठ हजार लिटरला ३ ते ५ किलो, त्यानं माशाला ताण कमी बसतो. पकडल्यावर लगेच भरू नका, काही तास तलावातच हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवा म्हणजे पोट साफ होतं, नाहीतर सगळी घाण टाकीत. सोडताना नव्या तलावाचं पाणी थोडं थोडं टाकीत घालत अर्धा तास थांबा.

चादर नको! माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच, चादरीच्या खरखरीत विणीनं तो निघतो आणि मग आठ दिवसांनी बुरशी लागून मरतो, तोपर्यंत तुम्ही फोटो टाकून मोकळे. हात ओले करा, मऊ प्लॅस्टिकच्या झोळीतून उचला. चादर ओली करून हौद्यावर पांघरा, उन्हाला तिच्यासारखी दुसरी नाही.

कटला सगळ्यात नाजूक, त्याला आधी काढा. मरळीची काळजी करू नका, ती हवेतून श्वास घेते, ओल्या गोणपाटात पण टिकते.

---

वरचं सगळं बरोबर आहे पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. मासे कुणाचे?

मी भोई समाजातला, वडील अशाच एका मच्छीमार सोसायटीचे सभासद. दादा, रोहू कटला मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणजे तुम्हाला जे चार-पाच किलोचे दिसले ते कुणीतरी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडलेली, ठेक्याचे पैसे भरून, तीन-चार वर्षं राखण करून. पाणी सोडायची बातमी कळली तेव्हा तिकडच्या घरांत काय झालं असेल ते बघा, कारण अशा वेळी सगळा माल एकदम काढावा लागतो आणि व्यापारी बरोबर ओळखून भाव पाडतो. तुम्ही चांगल्या मनानं जाल आणि तिथं चोर म्हणून धरले जाल. आधी सोसायटीच्या चेअरमनला भेटा, मग त्यांच्या सहीनं सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्याकडं अर्ज द्या, एकट्यानं फिरलात तर टेबलंच मोजाल.

आणि उजनी कशाला, टेंभुर्णीच्या पुढं जाईपर्यंत दोन तास होतील. तिथं सकर माशानं (बाहेरून आलेला, काटेरी अंगाचा) आधीच जाळी फाडून ठेवलीत.

---

सकरवरून आठवलं, जाळ्यात थाई मागूर किंवा सकर आला तर तो दुसऱ्या तलावात मुळीच सोडायचा नाही. थाई मागुरावर देशात २००० सालापासून बंदी आहे, लहान मासे फस्त करतो. चिलापी (तिलापिया) पण नका नेऊ, ती कुठंही पिल्लं काढते, तिथंच विका नाहीतर खा. मदत करायला जाऊन हिप्परग्याची वाट लावू नका म्हणजे झालं. १८७१ पासूनचा तलाव आहे तो.

---

धागाकर्ता: सगळ्यांना उत्तर एकत्रच देतो, दिवसभर फिरत होतो.

भोई दादा, तुमचा प्रतिसाद वाचून आधी राग आला, मग लाज वाटली. इतकी वर्षं त्या तलावावर बसतो, ते म्हातारे मामा तिथं चप्पू घेऊन असतात, त्यांना चहा पाजलाय, पण ठेका कुणाचा हे एकदा पण विचारलं नाही. आज त्यांच्याच घरी गेलो. तेच चेअरमनचे थोरले भाऊ निघाले. आमचा प्लॅन ऐकून हसले आणि म्हणाले, सोडायला नेताय होय, आम्हाला विकायला माणसं मिळेनात.

शेवटी ठरलं ते असं. दीड-दोन किलोच्या वरचा माल सोसायटी काढून विकणार, त्याचा भाव पडू नये म्हणून आम्ही आमच्या अपार्टमेंटा, बँक, कारखान्यातल्या ग्रुपवर आधीच ऑर्डर घेतोय, आत्तापर्यंत ९० किलोच्या आल्या. त्याखालचे मासे आणि मरळ जिवंत न्यायचे, हिप्परग्यात नाही, तर त्यांच्याच दुसऱ्या ठेक्याच्या तलावात, नऊ किलोमीटरवर, म्हणजे त्यांची बोटुकलीची गुंतवणूक बुडणार नाही. अर्ज त्यांच्या लेटरहेडवर गेला, उद्या सही मिळेल म्हणालेत, आज साहेब खुर्चीत होते. मोरीच्या तोंडाला जाळी लावायचं पण कबूल झालंय, नाहीतर बारीक मासा कालव्यातून शेतात जात होता.

ओढजाळं त्यांचं, माणसं आमची. पिकअपवाल्या भाऊ, खरंच येताय का? सोमवारी पहाटे साडेतीनला बाळे नाक्याला भेटू. दुसरा पिकअप मिळालाय, ताडपत्र्या आहेत, खडेमीठ दहा किलो आणलं. एक सिलेंडर मिळाला, दुसरा रेग्युलेटरशिवाय देतो म्हणतोय. कुणाकडं जास्तीचा रेग्युलेटर असेल तर रविवार रात्रीपर्यंत सांगा, दोन गाड्यांना एक सिलेंडर पुरत नाही.

आणि मामांनी निरोप दिलाय, येणाऱ्यांनी गळ घरी ठेवून यायचं.

---

येतो. रेग्युलेटर माझ्या मेव्हण्याच्या गॅरेजात आहे, घेऊन येतो. दोन किलो कटला माझ्या नावावर लिहा, पैसे देतो.