पाड्यावरच्या शाळेच्या दोन खोल्या: काय मागून घ्यावं?

पाडामास्तर: जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर शिकवतो. पहिली ते चौथी, पट 34, आम्ही दोघं शिक्षक. दोन नव्या खोल्या मंजूर झाल्यात. आराखडा ठरलेला, पण इंजिनियर साहेब म्हणाले, "बारीकसारीक बदल पाया खणायच्या आत सांगा." मुलं वारली समाजाची, थोडी कातकरी. पहिलीची पोरं आठवडाभर दारातच उभी राहतात. पावसात पत्र्याखाली माझा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत जात नाही. काय मागू?

कारवी: सर, मी डहाणूकडे 31 वर्षं प्राथमिकला होते. आधी सांगा, हजेरीपटावर नाव नसलेली किती मुलं रोज शाळेत येतात?

माझ्या वर्गात तिसरीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. तो रडला की ती उठून बाहेर, परत येईस्तोवर फळा पुसलेला. "याला घरी ठेवून ये," असं मी तिला दोनदा रागावले. घरी ठेवणार कुणापाशी? आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जगायला गेलेले, म्हातारी आजी डोळ्यांनी अधू. मुलगी यायची बंद झाली. ते मला आजही लागून राहिलंय.

खरं तर उत्तर माझ्याच तालुक्यात होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा शेजारी-शेजारी: धाकटं पाळण्यात, थोरली वर्गात.

म्हणून तुम्ही रुंद ओटी मागा, आठ फुटांची. तिच्या छतात झोळी बांधायला चार भक्कम कड्या, स्लॅब पडतानाच. पहिलीच्या पोरांच्या आया-आज्यांनाही तिथं टेकू द्या. पोरं त्यांच्या मागून आत येतील.

गवंडीकाका: बाईंचं पटलं. मुलं खाली बसतात, तर खिडकी जमिनीपासून दोन फुटांवर घ्या, नाहीतर त्यांना नुसतं आभाळ दिसतं. भिंतीचा खालचा तीन फूट पट्टा काळा रंगवा, मुलांना लिहायला. खोल्यांनाही स्लॅबच मागा. पत्राच आला तर हातभर खाली बांबूच्या चटयांचं छत करा, पावसाचा आवाज बराच दबतो.

पाडामास्तर: बाई, आज मोजली. नऊ! त्यातलं एक रांगतंय. इतकी वर्षं ती मला दिसत होती, पण मी कधी मोजलीच नव्हती. साहेबांना फोन केला. कड्यांना आणि खिडक्यांना हो म्हणाले, खोल्यांवर पत्राच येणार. स्लॅब फक्त ओटीवर, तीही सहा फूटच. झोळीला पुरेल ना?

कारवी: पुरेल. झोळी जमिनीपासून हातभरच ठेवा. आणि तोंड वर्गाच्या दाराकडे, बहिणीला बसल्या जागेवरून बाळ दिसलं पाहिजे.