शब्दचर्चा: ‘हेल मेरी’ पासला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: निवडणुकीच्या आणि धंद्याच्या बातम्यांत ‘हेल मेरी’ हा शब्द दिसतो. तो अमेरिकन फुटबॉलमधून आला एवढं ठाऊक आहे. ‘अंधारात तीर’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर: मला नाही पटत. अंधारात तीर मारणाऱ्याला लक्ष्य दिसत नसतं. इथे सगळं लख्ख दिसतं. सामना संपत आलाय, संघ पिछाडीवर आहे आणि चेंडू कुठे जाणार हे क्वार्टरबॅकपासून (पास फेकणाऱ्या खेळाडूपासून) शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. बचाव करणारे एंड झोनपाशी, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवायच्या पट्ट्यापाशी, आधीच गोळा झालेले असतात. तरी चेंडू तिकडेच उंच फेकायचा, कारण दुसरा मार्ग उरलेला नाही.

‘हेल मेरी’ ही कॅथलिकांची प्रार्थना. गोव्यात कोंकणीत ‘नमान मारिये’ म्हणतात तीच. नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या खेळाडूंत हा शब्द फार आधीपासून होता, पण घरोघरी पोचला तो २८ डिसेंबर १९७५ नंतर. डॅलस काउबॉइज मिनेसोटा वायकिंग्जविरुद्ध १०-१४ असे मागे होते. डॅलसचा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबॅकने ५० यार्डांचा पास फेकला. चेंडू थोडा आखूड पडला, त्याचा साथीदार ड्रू पिअर्सन मागे वळला, चेंडू त्याच्या कमरेपाशी कोपराखाली अडकला आणि तो तसाच एंड झोनमध्ये पोचला, म्हणजे टचडाउन झाला. २४ सेकंद बाकी होते. डॅलस १७-१४ने जिंकले. डोळे मिटून हेल मेरी म्हटली, असं स्टॉबॅकने नंतर पत्रकारांना सांगितलं. पिअर्सनने बचावपटूला ढकललं होतं, हे मिनेसोटाचे लोक आजही ठासून सांगतात.

प्रश्न: पण फेकलेला एक चेंडू लोकांना पिढ्यान् पिढ्या का आठवावा?

उत्तर: त्याचं कारण घड्याळाच्या नियमात आहे. वेळ संपली तरी सुरू झालेला डाव (म्हणजे ती एक चाल) पूर्ण होईपर्यंत खेळ थांबत नाही. म्हणजे घड्याळात शून्य आणि चेंडू अजून हवेत, असे दोन-तीन सेकंद मिळतात. चाहते जीव टाकतात ते या सेकंदांवर! २३ नोव्हेंबर १९८४ ला मायामीत बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने असाच चेंडू फेकला. उंचीने लहानसा गडी, वारा समोरून. एवढ्या लांब तो फेकू शकेल असं मायामीच्या बचावपटूंना वाटलंच नाही, त्यांनी फ्लूटीचा साथीदार जेरार्ड फीलनला आपल्या मागे जाऊ दिलं आणि चेंडू थेट त्याच्या कुशीत आला. बॉस्टन कॉलेज ४७-४५ने जिंकलं. तो सामना पाहिलेल्या कुणाशीही बोला, आवाज चढतोच.

प्रश्न: २०१८ चा ‘मिनियापोलिस मिरॅकल’ही हेल मेरीच ना?

उत्तर: नाही, आणि ही गल्लत फार होते. १० सेकंद उरले होते, न्यू ऑर्लिन्स सेंट्स मिनेसोटा वायकिंग्जच्या २४-२३ने पुढे होते. वायकिंग्जच्या केस कीनमने पास फेकला तो मैदानाच्या कडेला. साथीदार स्टीफॉन डिग्जने तो झेलून रेषेबाहेर जायचं, घड्याळ थांबवायचं आणि मग फील्ड गोल (लाथेने मारलेला, तीन गुणांचा) मारायचा, असा तो हिशोबी डाव होता. बचावपटूची झेप हुकली, डिग्ज तोल सावरून थेट धावत सुटला आणि ६१ यार्डांचा टचडाउन झाला. चमत्कार खरा, पण हेल मेरी नव्हे.

प्रश्न: ‘इमॅक्युलेट रिसेप्शन’ हेही प्रार्थनेतूनच आलंय का?

उत्तर: प्रार्थनेतून नव्हे, धर्मसिद्धान्तातून. पणजीचं प्रसिद्ध पांढरं चर्च ज्या ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’च्या नावाचं आहे, त्यावरचा हा श्लेष: मेरी गर्भात आली तेव्हापासूनच निष्पाप होती हा तो सिद्धान्त, आणि ‘रिसेप्शन’ म्हणजे पास झेलणं. २३ डिसेंबर १९७२, पिट्सबर्ग. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या टेरी ब्रॅडशॉचा पास त्याचाच साथीदार फ्रेंची फुक्वा आणि विरोधी ओकलंड रेडर्सचा जॅक टेटम यांच्या धडकेतून उलटा उडाला आणि स्टीलर्सच्याच फ्रँको हॅरिसने तो जमिनीला टेकण्याआधी बुटांजवळून उचलला. स्टीलर्स १३-७ने जिंकले. चेंडू फक्त फुक्वालाच लागला असता, तर तेव्हाच्या नियमाने हॅरिसचा झेल बाद ठरला असता. कुणाला लागला यावर ओकलंडवाले अजून भांडतात.

बातमीत मराठी शब्द हवाच असेल तर मी ‘देवावर हवाला ठेवून केलेला शेवटचा प्रयत्न’ असं लिहीन. ‘देव पाण्यात घालणे’ जवळचं वाटतं, पण देव पाण्यात घालून माणूस वाट पाहत बसतो. इथे चेंडू फेकावा लागतो. खेळाच्या पानावर मात्र ‘हेल मेरी’च ठेवा.