साक्रीहून उकाई धरणाच्या फुगवट्यावर १६ फुटी बोट न्यायची आहे, पिकअप कोणती घ्यावी?

पांझराकाठ

राम राम मंडळी. संस्थेसाठी पिकअप घ्यायची आहे. बोट फायबरची, १६ फूट लांब, पावणेपाच फूट रुंद, रिकामी १८० किलो. मागे ९.९ एचपीचं मशीन (बोटीचं इंजिन). काही दिवस बोट अक्कलपाडा धरणात, बाकीचे दिवस नवापूरकडे उकाईच्या फुगवट्यावर. म्हणजे कोंडाईबारी घाट आलाच. परतताना दीड-दोनशे किलो मासळी आणि तेवढाच बर्फ.

छोटा हत्ती (टाटा एस) किंवा टाटा इंट्रा पुरेल का? की बोलेरो पिकअप, टाटा योद्धा बघावी? फोर बाय फोर लागतेच का? बोट हौद्यात टाकून वरून बांधली तर ट्रेलरचा खर्च वाचेल असं काही जण म्हणतात. ते कितपत खरं?

वर्कशॉप_धुळे

भाऊ, गाडीचं नाव नंतर. आधी वजन मांडा. बोट १८०, मशीन ४०, वीस लिटर पेट्रोल डब्यासकट १७, जाळी-नांगर-वल्ही-जॅकेटं मिळून ५०. झाले २९०. ट्रेलर नीट बांधलेला असेल तर दीडशे ते पावणेदोनशे किलो. एकूण साडेचारशे-पावणेपाचशे धरा.

एवढं ओढायला कुठल्याही डिझेल पिकअपला जड नाही. सपाटीला छोटा हत्तीही ओढून नेईल. घोळ आहे थांबवण्याचा. तुमच्या ट्रेलरला ब्रेक नसणार, म्हणजे ते पावणेपाचशे किलो थांबवायचं काम पिकअपच्याच ब्रेकवर. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मं किंवा ७५० किलो, यातलं जे कमी ते, अशी मर्यादा आहे. आपल्याकडे छोट्या पिकअपच्या माहितीपत्रकात ओढायची क्षमता बहुधा छापलेलीच नसते, म्हणून हाच हिशेब लावा. छोटा हत्ती रिकामा टनाच्याही आत, त्याला पावणेपाचशे म्हणजे निम्म्याच्या काठावर किंवा वर. १.३ टनी (म्हणजे तेवढा माल वाहणारी) बोलेरो पिकअप रिकामी १,६००-१,७०० किलोची, तिचं निम्मं आठशेच्या वर, म्हणून मर्यादा ७५०. तिथे तुम्ही निवांत आहात.

आता घाटाचा कल बघा. साक्रीकडून विसरवाडीकडे जाताना कोंडाईबारी उतरणीची. जाताना बोट मागून ढकलणार आणि हौदा रिकामा असणार. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) कडक. अशा वेळी वळणावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं घसरतात आणि ट्रेलर गाडीला आडवं लावतो. म्हणून बर्फ नवापूरला न घेता साक्रीतूनच भरून न्या, क्रेट केबिनला चिकटवून ठेवा. दोनशे किलो बर्फ जाताना तुमचं वजन, येताना तुमचा माल. घाट लागायच्या आधीच तिसरा गिअर टाका, वळणं आवळली की दुसरा. ब्रेक दाबून धरायचा नाही. दाबायचा, वेग उतरला की सोडायचा. ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

येताना चढ आणि मासळी, तिथे इंजिन कामाला येतं. योद्धा २.२ लिटरची, साधारण १०० एचपी, ओढीची ताकद (टॉर्क) २५० एनएम. इंट्रा व्ही३० दीड लिटरची, ७० एचपीच्या आसपास. इंट्राला चढता येणार नाही असं नाही, पण मागे ट्रकची रांग लावून दुसऱ्या गिअरमध्ये चढेल. या वापराला माझं मत बोलेरो पिकअप १.३ किंवा योद्धा. या दोघींत तुमच्या गावात ज्या गाडीचा मिस्त्री चांगला, ती.

आणि एक, दहा फुटी हौद्याच्या मोहात पडू नका. हौदा लांब झाला की मागच्या चाकामागे लटकणारा भाग वाढतो. त्याच्या टोकाला ट्रेलरचं वजन आलं की पुढचं टोक उचलल्यासारखं होतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं.

गाळपेर

वरचं सगळं बरोबर, पण गाडी घाटात अडकत नाही, काठावर अडकते. उकाई भरलेलं असेल तेव्हा १०५ मीटरची पातळी असते, पाणी रस्त्याजवळ. होळीनंतर पाणी जसजसं मागे सरकतं तसा मध्ये काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडतो, कुठे पन्नास पावलं तर कुठे पाव किलोमीटर. वरून पापडी धरलेली दिसते, खाली लोणी. चाक एकदा पापडी फोडून आत गेलं की अक्सल टेकेपर्यंत जातं. आपल्याकडे म्हणतात तसं, गाडी गाळमा फसनी ते ट्रॅक्टर बलावनं पडस.

त्यामुळे पहिला नियम, पिकअप मुरमाच्या, कडक जमिनीवरच थांबवायची. काठावर आधी चालत जा. टाच जोरात मारली आणि दोन बोटांपेक्षा खोल रुतली तर तिथे चाक नाही. ट्रेलर सोडवा, १२ एमएमचा नायलॉन दोर, निदान वीस मीटर, एक टोक पिकअपच्या हुकाला आणि दुसरं ट्रेलरच्या दांडीला. दोर ढिला सोडत चार जण ट्रेलर खाली नेतात. वर येताना पिकअप पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं पुढे घ्यायची आणि दोर ताणला असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. नायलॉन ताणतो, तुटला की चाबकासारखा उलटा येतो.

ट्रेलरही रुततो. चाकांखाली पऱ्हाटीच्या पेंढ्या आडव्या टाका, जाड थर, निदान वीतभर. गोणपाट एकट्यानं कामाचं नाही, चाकाला गुंडाळलं जातं. रावेर-यावलकडे केळीचे खांब फुकट मिळतात. ते आडवे टाकून बोट ट्रेलरशिवायच सरकवता येते, ओला खांब निसरडा असतो आणि फायबरला ओरखडा पडत नाही. साक्रीत केळी शोधावी लागेल, मग चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे. पण ते गाळात दबतात, कडक उतारावरच चालतात.

फोर बाय फोर घ्याच असं म्हणेन. रिकाम्या टू व्हील पिकअपची मागची चाकं ओल्या गवतावरसुद्धा फिरतात.

वर्कशॉप_धुळे

फोर बाय फोरबद्दल असहमत. लोण्यासारख्या गाळात चारही चाकं फिरतात, फक्त गाडी आणखी आत जाऊन अडकते. टायर रस्त्याचेच असतील तर पट्ट्यांत काळी माती भरली की चार चाकं म्हणजे चार गुळगुळीत लाटणी. त्या पैशात मागचे दोन टायर खोल नक्षीचे घ्या आणि दोर घ्या. ओलं गवत, वाळू, ओला काँक्रीट उतार एवढ्यापुरती फोर बाय फोर खरंच उपयोगी. बोलेरो कॅम्पर आणि योद्धा क्रू कॅबमध्ये ती मिळते, पण डबल केबिनमुळे हौदा आखूड होतो, क्रेट कमी बसतात. व्ही-क्रॉस, हायलक्स या गाड्या ओढायला उत्तम, त्यात वाद नाही. पण मासळीचं पाणी गळणाऱ्या धंद्याला एवढी महाग गाडी कशाला?

नियमात_बसा

हौद्यात बोट टाकायचा विचार सोडून द्या. नऊ फुटी हौद्यात १६ फुटी बोट म्हणजे सात फूट बाहेर. माल बॉडीच्या बाहेर आला की मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ (१ए) लागतं, दंड २०,००० रुपये, वर माल उतरवायचा खर्च तुमचा. लाल फडकं बांधलं की चालतं हा गैरसमज आहे. नऊ फुटांच्या आतली डोंगी असेल तरच हौदा.

ट्रेलरचं बघा. कायद्यात ट्रेलर हे स्वतःच मोटार वाहन आहे, त्याला वेगळी नोंदणी आणि विमा लागतो. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा गाडा बांधून घेतला तर आरटीओत नोंदणीच्या वेळी फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि फॉर्म २२ (उत्पादकाचा रस्तायोग्यतेचा दाखला) मागतील, ते तो देऊ शकत नाही. म्हणून मान्यताप्राप्त उत्पादकाकडून चेसिस नंबरसह घ्या, थोडा महाग पडला तरी. अपघात झाला आणि ट्रेलर बिननोंदणीचा निघाला तर पिकअपच्या विम्यालाही कंपनी हरकत घेते.

लायसन्स एलएमव्हीचं (हलक्या वाहनाचं) पुरतं, ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळा शिक्का लागत नाही, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. जीव्हीडब्ल्यू (मालासकट गाडीचं कमाल वजन) ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहू परमिटही लागत नाही. आरसी बुकातला जीव्हीडब्ल्यूचा आकडा बघूनच मॉडेल ठरवा, १.३ आणि १.७ टनीत हाच मोठा फरक पडतो.

पांझराकाठ

हौद्याचा विचार सोडला. १.३ टनी जुनी बोलेरो पिकअप बघतोय. आता दोन शंका. हुक कुठे आणि कसा लावायचा? आणि ट्रेलर पाण्यात बुडवला की बेअरिंग जातात म्हणतात, ते टाळायचं कसं?

तापीचा_काठ

हुक बंपरला नाही, चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना. मागच्या आडव्या पट्टीवर एकट्या बोल्टनं लावलेला हुक काही महिन्यांत पट्टी वाकवतो. दोन्ही बाजूंना ८ एमएमची प्लेट, प्रत्येकीला १२ एमएमचे किमान तीन बोल्ट, ८.८ ग्रेडचे, नायलॉक नट. चेसिसला वेल्डिंग करायचं नाही, तापल्या जागी पट्टी ठिसूळ होते आणि पुढे तिथूनच चिरते. ट्रॅक्टरसारखी पिन-कडी टाळा, तिच्यात बोटभर ढिल असते, प्रत्येक ब्रेकला धक्का बसतो. ५० एमएमचा बॉल आणि त्याच मापाचा कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरच्या दांडीचं टोक) घ्या. खाली दोन साखळ्या एकमेकींवरून आडव्या नेऊन अडकवा, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यावर न पडता साखळीत अडकते.

बॉलवर येणारं वजन एकूण ट्रेलरच्या दहा टक्के हवं, तुमच्या हिशेबात ४५-५० किलो. बाथरूमचा वजनकाटा दांडीखाली ठेवून मोजा. कमी भरलं तर बोट पुढे सरकवा. मशीन बोटीच्या मागे लटकवूनच नेलं तर हे वजन कधी कधी उणेही होतं, आणि मग साठच्या वेगाला ट्रेलर शेपटासारखा डुलायला लागतो. मशीन काढून हौद्यात आडवं ठेवा, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल आधी संपवून. घाटात पन्नासच्या वर जाऊ नका.

बेअरिंगचं कारण साधं आहे. साठ किलोमीटर धावून चाकाचा हब (बेअरिंग बसतं तो मधला भाग) तापलेला असतो. तो तसाच गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस पांढरट, ताकासारखं दिसलं की समजा पाणी शिरलं. उपाय दोन. पोचल्यावर अर्धा तास ट्रेलर उभा ठेवा, तोवर जाळी लावा, चहा घ्या. हबला हात लावून बघा, कोमट नको, गार हवा. आणि ट्रेलर असा घ्या की बोट रोलरवरून सरकते आणि हब बुडवायची गरजच पडत नाही. तरीही दर तीन महिन्यांनी हब उघडून लिथियम ग्रीस भरा, सील प्रत्येक वेळी नवं. एक बेअरिंग सेट आणि सील गाडीत असू द्या, घाटात कुठे मिळणार?

दिव्यांची सात पिनी सॉकेट पाण्याआधी काढायची. तापलेला बल्ब पाण्यात तडकतो, चालू वायरिंगला गंज लवकर धरतो. सील केलेले एलईडी दिवे घेतलेत तर ही कटकट निम्मी. जोडणी पिन नंबर बघून करा: १ पिवळी डावा इंडिकेटर, ३ पांढरी अर्थिंग, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी आणि ७ काळी मागचे दिवे, ६ लाल ब्रेक. एक इंडिकेटर दिला की दोन्ही मिणमिणले, तर दोष जवळजवळ नेहमी अर्थिंगचा.

ट्रेलरला १४५ आर १२ टायर घ्या, छोट्या हत्तीची साइज, विसरवाडीतल्या पंक्चरवाल्याकडेही मिळेल. पण हवा छोट्या हत्तीइतकी भरू नका. एवढ्या हलक्या ट्रेलरला ३०-३५ पीएसआय पुरे, जास्त भरली तर उडतो आणि बोटीचा तळ आपटतो.

वर्कशॉप_धुळे

जुनी घेताय तर हौद्याखाली झोपून बघा. मासळी-बर्फ वाहिलेल्या गाडीत वितळलेलं पाणी हौद्याच्या फटीतून चेसिसवर ठिबकतं, गंज वरून दिसत नाही. मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यात हातोडी वाजवा. खणखणीत आवाज हवा, भद्द आला की ती गाडी नको, कारण हुक तिथेच लागणार आहे. क्लच बघायला हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा, इंजिन बंद पडलं पाहिजे. फिरत राहिलं तर प्लेट गेली. उलट्या गिअरमध्ये बोट चढावर ढकलताना अर्धा क्लच धरून नवी प्लेटही एका हंगामात जळते.

घेतल्यावर हौद्यात जाड ताडपत्री किंवा रबरी मॅट आणि मागच्या कोपऱ्यातून पाइप काढून पाणी थेट जमिनीवर सोडा.

गाळपेर

आणि रिव्हर्स शिकायला पहिल्या दिवशी काठावर जाऊ नका. बाजार नसलेल्या दिवशी मार्केट यार्डाच्या मोकळ्या मैदानात जा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, ट्रेलर डावीकडे हवा तर हात डावीकडे. आखूड ट्रेलर पटकन मुडपतो, तिरका होताना दिसला की थांबायचं, पुढे घेऊन सरळ करायचं. मागे मागे ओढत सुधारायला गेलात तर दांडी बंपरला लागते.

पांझराकाठ

रविवारी साक्रीत एक गाडी बघायची आहे, हातोडी घेऊनच जातो. ट्रेलरचे कोटेशन आले की इथे टाकतो, रोलरवाला आणि साधा दोन्ही.