स्टायपेंडमधून ९००० टीडीएस (पैसे देतानाच कापतात तो टॅक्स) कापलाय, रिटर्न कसं भरू? आयटीआर फॉर्म १ की ४? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर पंढरपूर तालुक्यात, आमच्याकडे आजवर कुणीच इन्कम टॅक्स रिटर्न भरलेलं नाही त्यामुळे घरी विचारायची सोय नाही, म्हणून इथे विचारतेय.

जुलै ते डिसेंबर २०२४ एका कंपनीत इंटर्नशिप केली. स्टायपेंड ठरला होता महिना १५,०००, खात्यावर यायचे १३,५००. मला वाटलं पीएफ वगैरे काहीतरी कापत असतील, तेव्हा विचारायचा धीर झाला नाही. आता मैत्रीण म्हणाली अगं तो टीडीएस असेल, २६एएस (पॅनवर जमा टॅक्सचा तक्ता) बघ. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर जाऊन बघितलं तर सहा ओळी, प्रत्येकीत १५०० आणि शेजारी कलम १९४जेबी. म्हणजे माझे ९००० जमा आहेत! वर्षाचं उत्पन्न एवढंच, ९०,००० आणि बँकेचं थोडं व्याज. २०२४-२५ च्या उत्पन्नाला नवीन टॅक्स रिजीममध्ये ३ लाखांपर्यंत टॅक्सच नाही ना, मग सगळे परत मिळायला हवेत. माझे मेसचे तीन महिने निघतात त्यात.

कॉलेजजवळचा सायबरवाला १५०० मागतोय आणि म्हणतो आयटीआर १ भरू, पगार म्हणून दाखवू. पण कंपनीने फॉर्म १६ (पगारावरच्या टीडीएसचा दाखला) दिलेला नाही, १६ए (पगार सोडून इतर पैशांवरच्या टीडीएसचा) दिलाय. मग पगार कसा म्हणायचा?

दुसरं, माझं खातं आठवीत असताना शिष्यवृत्तीसाठी गावात काढलेलं, पासबुकावर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, आणि पॅनवर वडिलांचं नावच नाही. पोर्टलवर खातं व्हॅलिडेट करायला गेले की फेल येतं, दोनदा झालं.

आणि सगळ्यात जास्त भीती फीची वाटते. जुलै २०२४ च्या जीआरमुळे मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे पण घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. दादांचा (वडील) तहसीलचा दाखला १ लाख १० हजारांचा आहे. मी रिटर्न भरलं तर ते त्यात धरून माफी जाईल का? तसं असेल तर ९००० सोडून देईन मी, खरंच, फी गेली तर दादांना झेपणार नाही.

आधारला नंबर पण दादांचाच आहे, ते दिवसभर रानात, तिथे रेंज येत नाही, रिटर्न व्हेरिफाय करायचा ओटीपी कसा घेऊ?

---

ताई, आधी घाबरू नका. १ लाख १० हजारात तुमचे ९० हजार धरले तरी २ लाख होतात, ८ लाख कुठे राहिले. माफीसाठी हक्काचे पैसे सोडू नका.

१९४जेबी म्हणजे कंपनीने तुमचा स्टायपेंड प्रोफेशनल फी म्हणून दाखवलाय, पगार असता तर कलम १९२ दिसलं असतं. आयटीआर १ मध्ये प्रोफेशनचं उत्पन्न दाखवता येत नाही, त्यामुळे आयटीआर ४, त्यात ४४एडीए (प्रोफेशनवाल्यांसाठी अंदाजे नफा दाखवायचं कलम). किमान निम्मं उत्पन्न नफा म्हणून दाखवायचं, तुम्ही पूर्ण ९०,००० दाखवलंत तरी टॅक्स शून्यच. व्याज इतर उत्पन्नात टाका, कितीही थोडं असू दे, एआयएसमध्ये (इन्कम टॅक्सकडच्या तुमच्या उत्पन्नाच्या यादीत) ते दिसतंच.

खात्यासाठी बँकेत पॅन आणि आधारची झेरॉक्स घेऊन जा, नाव पॅनप्रमाणे करून घ्या. रिफंड व्हॅलिडेट झालेल्या खात्यावरच येतो. यंदा, म्हणजे २०२५ ला, शेवटची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झालीये पण नावाला वेळ लागतो म्हणून बँकेचं आधी करा. ओटीपी पंधरा मिनिटं चालतो, फोनवर बोलत बोलत घ्या. भरल्याच्या दिवशीच नाही जमलं तरी व्हेरिफायला ३० दिवस असतात, फक्त विसरू नका, व्हेरिफाय नाही झालं तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात.

---

खूप खूप आभार तुमचे, फीचं वाचून डोक्यावरचं ओझंच उतरलं. सायबरवाल्याला नको म्हणून सांगितलं. बँक गावाकडची असल्याने शनिवारी घरी जातेय, बँकेचं काम उरकते आणि संध्याकाळी दादा रानातून आले की त्यांच्याशेजारी बसूनच ओटीपी घेते.